अजून एक बंद खिडकी

एर्सिलियाच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते, आणि त्या राहण्याला या मे महिन्यात नऊ वर्षे पूर्ण होत होती.

पत्रांना उत्तर न देणारी बरीच माणसे विसरभोळी असतात. ओनोरातोंना ती सोय नव्हती. रोज सकाळी गालाला साबणाचा फेस लावला की त्यांना ते पत्र आठवे, आणि आज संध्याकाळी लिहायचेच असे ठरवून ते फेस पुसत. संध्याकाळी कागद पुढे ओढला की पहिल्याच वाक्याला शंका येई. शंका ही त्यांची जुनी सोबतीण. सान्तेर्मोच्या नगरपालिकेच्या तळघरात ग्रंथालयाचे कोठार आहे. तिथे चाळीस वर्षे त्यांनी पुस्तके सांभाळली, आणि चाळीस वर्षे रोज कुलूप लावून चार पायऱ्या चढल्यावर ते परत खाली येत आणि कुलूप ओढून बघत. निवृत्त होऊनही आता तेरा वर्षे झाली होती. लग्न केले नाही. करायला हरकत नव्हती, पण कुणाला विचारावे आणि कोणत्या शब्दांत, हे पक्के होईपर्यंत वयच निघून गेले.

एर्सिलिया स्टेशनमास्तरांची मुलगी. साठ वर्षांपूर्वी वडिलांची बदली पार देशाच्या दुसऱ्या बाजूच्या समुद्रावर, आन्कोनाला झाली, आणि ते कुटुंब पेट्या बांधून गेले ते गेलेच. नऊ वर्षांपूर्वी तिचे दीड पानी पत्र आले. नवरा वारला होता, गुडघे गेले होते, सान्तेर्मोला येणे आता काही होणार नव्हते. पण दुपारी डोळे मिटून पडले की मी तुमच्या गावातून फिरते, असे तिने लिहिले होते. फिरता फिरता मध्येच वाट चुकते, म्हणून चार गोष्टी विचारते. "तू खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचा नाहीस, म्हणून तुलाच विचारते आहे." या एका वाक्याने सगळा घोटाळा केला. असे वाक्य वाचल्यावर खात्री न करता कोण उत्तर देईल?

पहिला प्रश्न : तेलाच्या घाण्यामागच्या धुण्याच्या हौदाला अजून पाणी येते का? ओनोरातो गेले तेव्हा ऑगस्ट होता आणि हौद कोरडा होता. 'येत नाही' असे लिहिले. फेब्रुवारीत पुन्हा गेले तर पाणी धो धो. 'येते' असे लिहिले. मग वाटले की हे दोन्ही अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे म्हणजे खोटेच. यात एक वर्ष गेले.

दुसरा : घाण्याकडे चढणाऱ्या पायऱ्या एकशे बाराच ना? ओनोरातोंनी मोजल्या तर एकशे चौदा भरल्या. उतरताना मोजल्या तर एकशे तेरा. चढताना आणि उतरताना पायऱ्या वेगवेगळ्या असू शकत नाहीत, एवढे त्यांनाही कळत होते. तिसरा प्रश्न कमानीखालच्या लोखंडी कडीचा, मीठ वाहणारी खेचरे जिला बांधत असत तिचा. तिच्यावर चुन्याचे इतके थर चढले होते की ती सापडायलाच दोन हिवाळे गेले, आणि सापडल्यावर ती तीच कडी कशावरून, हा नवा प्रश्न उभा राहिला.

या तिन्हींचे काहीतरी करता आले असते. चौथ्या प्रश्नाने मात्र त्यांचा हात धरून ठेवला.

"आणि आपली ती खिडकी," एर्सिलियाने लिहिले होते. "दोरवाल्यांच्या गल्लीतली, तिसऱ्या मजल्यावरची, डावीकडची. मी वर, तू खाली पुस्तक उघडून उभा. एक अख्खा उन्हाळा. मग तू यायचा बंद झालास. या वयात तक्रार कसली करायची, पण का रे थांबलास?"

ओनोरातोंना सगळे निराळेच आठवत होते. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ते गेले तर खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही, आणि पुढेही रोज. सतरा वर्षांच्या लाजाळू मुलाला याहून स्पष्ट काय सांगायला हवे? ते समजून चुकले, आणि त्यानंतर त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकले नाही. एवढ्याशा गावात एक गल्ली आयुष्यभर चुकवणे सोपे नसते. त्यासाठी परसांमधून, बोळांमधून, भिंतींमधल्या फटींतून वाटा काढाव्या लागतात. सान्तेर्मोचे जे कोपरे तिथे जन्मलेल्यांनाही ठाऊक नव्हते, ते सगळे ओनोरातोंना पाठ होते, ते याच एका कारणाने.

पत्र आल्यावर मात्र जाणे भाग होते. ते गेले, त्यांनी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे हिरव्या झडपांची बंद खिडकी होती, खाली तुळशीसारख्या त्या बाझिलिकोची कुंडी होती, आणि खिडकी, झडपा, कुंडी, कुंडीची सावली, सगळे भिंतीवर रंगवलेले होते.

सान्तेर्मोत यात नवल काहीच नाही. भिंत ओकीबोकी दिसली, डावीकडे खिडकी आणि उजवीकडे नाही असे झाले, की रंगारी एक खिडकी काढून देतो. खुद्द ओनोरातोंच्या लहानपणीच्या घरावर एक रंगवलेली मांजर होती आणि पाच वर्षांचे होईपर्यंत ते तिला बशीतून दूध नेऊन दाखवत. नवल वेगळेच होते. रंगवलेली खिडकी बंदही होत नाही आणि उघडतही नाही. मग त्या उन्हाळ्यात तिथून हात कुणी हलवला? की आपण सतराव्या वर्षी एका भिंतीच्या प्रेमात पडलो होतो? आणि एर्सिलियाला तरी काय लिहावे? गुडघे गेलेली बाई डोळे मिटून ज्या एका खिडकीपाशी जाऊन उभी राहते, ती खिडकी नाहीच, असे?

ते लिहिले गेले नाही. अशी नऊ वर्षे गेली.

मग नगरपालिकेच्या फलकावर सूचना लागली. वरच्या आळीतल्या, दोरवाल्यांची गल्ली धरून, सगळ्या भिंती नव्याने रंगवायच्या होत्या. या आठवड्यात सर्वेअर येऊन प्रत्येक भिंत जुन्या नकाशाशी ताडून पाहणार होता, आणि सोमवारपासून परांची बांधून सगळे जाळीने झाकले जाणार होते. ओनोरातोंनी सूचना दोनदा वाचली. आता नाही तर कधीच नाही. गुरुवारी सकाळी दहा वाजता ते घराबाहेर पडले. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात वही, आणि गळ्यात त्यांची आई नाटकाला नेत असे ती छोटी दुर्बीण.

गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी पत्र वाचले, दुर्बीण डोळ्यांना लावली, वर पाहिले आणि वहीत काहीतरी टिपले. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून तेक्लाबाईंनी मेजावरची चादर बाहेर धरून तीनदा झटकली. ओनोरातोंच्या टोपीवर पावाचा चुरा पडला. त्यांनी वर बघून अदबीने मान लववली.

ती चादर चुऱ्यासाठी नव्हती. दोरवाल्यांच्या गल्लीत नगरपालिकेचा माणूस शिरला की तेक्लाबाई चादर झटकत, आणि मग ज्याला जे झाकायचे असेल ते तो झाके. इथल्या घरांना उजेड कमी. कुणी कधी भिंतीत झरोका पाडला होता, कुणी छपरात काच बसवली होती, आणि परवानगी मागायला सवड कुणालाच झाली नव्हती. त्यामुळे ओनोरातो खालून खिडक्या मोजत असताना वर खिडक्या कमी होत होत्या. पहिल्यांदा अकरा भरल्या. खात्रीसाठी पुन्हा मोजल्या तर नऊ. तिसऱ्यांदा आठ. ओनोरातोंना याचे काही वाटले नाही. पायऱ्यांनी त्यांची तयारी करून घेतली होती.

तेवढ्यात खालच्या दारातून सेव्हेरिनो आला, हातात कॉफीचा कप घेऊन. हा जहाजावरचा निवृत्त आचारी. आपल्या छपरातून आपल्याला तारे दिसतात, असे तो सगळ्यांना सांगत असे, फक्त कशातून दिसतात ते सांगत नसे.

"घ्या साहेब. नगरपालिकेचे ना तुम्ही? जहाजावरून सुट्टीला आलो की बघायचो तुम्हाला त्या दारातून बाहेर पडताना."

"होतो," ओनोरातो म्हणाले. "म्हणजे, खाली तळघरात होतो."

सेव्हेरिनोचा चेहरा उतरला. नगरपालिकेची जुनी कागदपत्रे तळघरात असतात हे सान्तेर्मोत पोरासोरांनाही ठाऊक असते. त्याने पत्राकडे हनुवटी केली आणि आवाज खाली आणला. "आणि हे? तक्रार?"

"छे, छे. तक्रार नाही, तसं त्यात लिहिलंच आहे. हे खाजगी आहे."

"खाजगी. म्हणजे खाली सही नाही."

"सही आहे," खोटे बोलता न येणारे ओनोरातो म्हणाले. "पण नाव मी सांगू शकत नाही."

"बाईमाणूस?"

ओनोरातोंचे कान लाल झाले. सेव्हेरिनोला एवढे पुरले. कॉफीचा कप रिकामा व्हायच्या आत अख्ख्या गल्लीला कळले की गल्लीतल्याच एका बाईने सहीनिशी तक्रार केली आहे, आणि तळघरातला माणूस कागद घेऊन खाली उभा आहे.

आता गल्लीत एकमेकींचे तोंड न बघणाऱ्या बायका दोनच होत्या. एक तेक्लाबाई आणि दुसरी त्यांच्या समोरची आर्मिदा. भांडण कशावरून सुरू झाले ते दोघींनाही आठवत नव्हते, पण ते चालू ठेवण्यात कुणी हयगय केली नव्हती. तेक्लाबाईंना खात्री पटली की तक्रार आर्मिदाने केली. आर्मिदाला खात्री पटली की ती तेक्लाने केली. पुढची दहा मिनिटे ओनोरातोंच्या डोक्यावरून, या बाजूच्या झडपांमधून त्या बाजूच्या झडपांमध्ये, एकमेकींच्या माहेरचा उद्धार चालला होता. दुर्बीण हातात धरून ते मध्ये उभे होते. एक वाक्य बोलले असते तर सगळे मिटले असते. हे एका बाईचे मला आलेले पत्र आहे, आणि ती माझ्या तरुणपणी त्या खिडकीत उभी राहत असे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, भर रस्त्यात, टोपीवर चुरा असताना, हे वाक्य कसे बोलायचे? ते गप्प राहिले. सरकारी माणसाचे गप्प राहणे लोकांना नेहमीच फार अर्थपूर्ण वाटते.

तेक्लाबाई खाली आल्या त्या खारवलेल्या मासळीची बरणी घेऊन. बरणी त्यांनी ओनोरातोंच्या बगलेत सारली. "मी कुणाचं वाईट बोलत नाही," त्या पुटपुटल्या. "माझा तो स्वभावच नाही. फक्त एकदा विचारा, की आर्मिदेच्या स्वयंपाकघराला एक खिडकी नाही, तर ती टोमॅटो निवडते कशाच्या उजेडात."

ओनोरातोंना 'घेत नाही' म्हणायचे होते, पण बरणी बगलेत बसली होती आणि हातात पत्र होते. त्यांनी नजर वर केली ती केवळ तेक्लाबाईंची नजर चुकवायला. त्याच क्षणी त्यांना वास आला. ऑलिव्हच्या तेलात कांदा परतल्याचा, खमंग. वास वरून येत होता. त्यांनी दुर्बीण लावली. रंगवलेल्या झडपांच्या आणि रंगवलेल्या चौकटीच्या मध्ये केसाएवढी फट होती, आणि तिच्यातून धूर निघत होता.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. ओनोरातोंनी आधी चष्मा पुसला, मग दुर्बिणीची काच पुसली, मग नाक शिंकरले. वास होताच.

"बघितलंत ना?" वरून आवाज आला. तो आर्मिदाचा होता आणि खिडकीच्या मागून येत होता. "या मग वर. दार लोटलेलंच आहे. रोज उठून धूर कोंडून घ्यायचा कंटाळा आलाय मला. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं."

तिसऱ्या मजल्यावरचे स्वयंपाकघर लहानसे होते. आर्मिदा सत्तरीला टेकलेली, गोल चेहऱ्याची, पीठ लागलेल्या हातांची बाई होती. तिने ओनोरातोंकडे न बघता चूल मंद केली, भिंतीपाशी गेली, खिटी सरकवली आणि अख्खी खिडकी आत ओढली. बाहेरून भिंत दिसणाऱ्या त्या फळ्या होत्या, त्यांच्यावर रंगवलेल्या झडपा आणि कुंडी. फळ्या बाजूला होताच खोलीत एकदम आभाळ आले. खाली गल्लीचा उतार, कमान, कौले, आणि कौलांच्या टोकाला समुद्राची पट्टी.

"लिहा," आर्मिदा म्हणाली. "खिडकी मी पाडलेली नाही एवढं मात्र लिहा. ती होतीच. माझा बाप रंगारी. त्यानंच ही बाहेरची रंगवली."

"खऱ्या खिडकीवर खोटी?"

"हयातीत शेकड्यांनी काढल्या त्यानं, पण खरीवर खोटी ही एकच. सांगायचा नेहमी. तेव्हा इथं कुणी स्टेशनमास्तर राहायचे. घर रंगवायला काढलं होतं. बापानं विचारलं, मास्तर, बंद खिडक्या किती काढायच्या? मास्तर म्हणाले, आहेत त्याहून अजून एक. आणि आतून खिळे मारून मोकळे. पोरीला सांगितलं, तो आता यायचा बंद झाला. त्यांच्या पोरीला खालच्या कुणा पुस्तकवाल्याला हात करताना बघितलं होतं म्हणे." आर्मिदाने हात पुसले. "सकाळी रंगवून बाप संध्याकाळी शिडी न्यायला आला, तर तो पुस्तकवाला खाली उभा. ओल्या रंगाकडे बघत. उघडायची वाट बघतोय. दुसऱ्या दिवशी पण. बापाला इतकं लागलं ते. म्हणायचा, माझं काम एवढं हुबेहूब झालं याचं आयुष्यात त्या एकदाच वाईट वाटलं. पोरगा तीन आठवडे तरी येत होता."

"सत्तावीस दिवस," ओनोरातो म्हणाले.

हा आकडा त्यांनी पुन्हा मोजून पाहिला नाही.

आर्मिदाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. टोपीवरचा चुरा, बगलेतली बरणी, हातातले मऊ पडलेले पत्र. तिने खुर्ची पुढे सरकवली. ओनोरातो बसले. साठ वर्षे ज्या बंद झडपा त्यांनी मनाला एवढ्या लावून घेतल्या होत्या, त्या झडपा म्हणजे एका भल्या रंगाऱ्याच्या हातचा दोन डबे हिरवा रंग होता. हसावे की काय करावे, ते त्यांना ठरवता येईना. नेहमीप्रमाणे.

खाली तोवर दुसरेच चालले होते. अर्ध्या चड्डीतला, पायात सपाता घातलेला एक तरुण गल्लीत शिरला होता. पाठीवर पिशवी, पिशवीत लांब नळकांडे. समुद्रावर लावायची छत्री असावी असे सेव्हेरिनोने ठरवले. चादर काही झटकली गेली नाही, कारण नगरपालिकेचा माणूस वर होता आणि आता भ्यायचे कारण उरले नव्हते. सकाळपासूनच्या ताणानंतर सेव्हेरिनोला थोडी मोकळीक हवी होती, आणि पाहुण्यापुढे गावाची बढाई मारण्यासारखी मोकळीक नाही. वर खिडकीशी बसलेल्या दोघांना त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पुळण तर कुणीही बघतं, तो सांगत होता, बघण्यासारखं खरं गाव इथं मागं आहे. ही भिंत बघा. तीन झरोके आहेत, दिसतात का? नाही ना! माझ्या छपरात तर अशी काच आहे की बोट ठेवून दाखवाल तर शर्यत. आणि ती वरची, तिसऱ्या मजल्यावरची, रंगवलेली वाटते की नाही? आत्ता उघडी आहे म्हणून, एरवी कुणाचा बाप ओळखणार नाही.

"फारच सुरेख," तरुण म्हणाला आणि लिहून घेऊ लागला.

"कुठून आलात म्हणायचं?"

"नगरपालिकेतून."

त्याने नळकांड्यातून नकाशा काढला. गल्लीत अशी शांतता पसरली की वर कांदा करपतोय ते खाली ऐकू आले.

सर्वेअर माणूस वाईट नव्हता. झरोक्यांना जाळी लावा, काचेचा अर्ज करा, असे सांगून त्याने बाकीच्यांना सोडले. पण वर येऊन त्याने आर्मिदाची खिडकी पाहिली, नकाशा पाहिला आणि डोके खाजवले. नकाशा पन्नास वर्षांपूर्वीचा होता आणि त्यात इथे रंगवलेली खिडकी दाखवली होती. नकाशात जे नाही ते रंगकामाआधी विटांनी बंद करायचे, असा नियम होता. त्याआधी खिडकी खरी होती असे कुणाचे लिखित असेल तर गोष्ट वेगळी. आहे का तसे काही?

आर्मिदाने बापाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती लिखित नव्हती. एव्हाना तेक्लाबाईही वर आल्या होत्या, आणि सर्वेअरच्या तोंडून 'विटा' हा शब्द ऐकल्यापासून त्या आर्मिदाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या. भांडण आपल्या जागी, पण समोरच्या खिडकीत विटा आल्या तर भांडायचे कुणाशी?

"लिहिणार कोण, बाबा," आर्मिदा म्हणाली. तिचा हात खिडकीच्या चौकटीवर होता. "खिडकीबद्दल कोण कुणाला लिहितं?"

ओनोरातोंच्या हातात पत्र होते. गप्प बसणे त्यांना जमत होते. नऊ वर्षे जमले होते, त्याआधीची पन्नास धरली तर आयुष्यभर जमले होते. पुढच्या आठवड्यात इथे विटा लागतील, त्यांच्यावर रंग चढेल, आणि मग ती खिडकी खरोखरच कधी नव्हती असे होईल. त्यांनी कागद उलगडला. ते उभे राहिले, आणि इतक्या हळू आवाजात वाचू लागले की सर्वेअरला कान पुढे करावा लागला.

त्यांनी हौदापासून सुरुवात केली. सर्वेअर म्हणाला, मुद्द्याचे तेवढे वाचा. तेक्लाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो गप्प झाला. ओनोरातोंनी पायऱ्या वाचल्या, कडी वाचली, आणि मग खिडकी. मजला, बाजू, गल्ली, सगळे त्यात होते. 'का रे थांबलास' हे वाचून त्यांनी कागद खाली केला.

"मग? का थांबलात?" तेक्लाबाईंनी विचारले.

"मी थांबलो नव्हतो," ओनोरातो म्हणाले. "म्हणजे, थांबलो होतो. खाली. पण खिडकी..."

"खिडकी माझ्या बापानं रंगवली होती," आर्मिदाने वाक्य पुरे केले.

सेव्हेरिनोने नाक ओढले. "आणि मग तुम्ही काय उत्तर पाठवलंत?"

"अजून पाठवायचंय."

सर्वेअरने पत्राचे पाकीट हातात घेतले आणि टपालाचा शिक्का वाचला. मग त्याने ते वर्ष मोठ्याने सांगितले, आणि ती चूक झाली. इतका वेळ जी गल्ली एकमेकांवर आणि नगरपालिकेवर चिडली होती, ती एकदिलाने ओनोरातोंवर उलटली. नऊ वर्षं! तेक्लाबाई म्हणाल्या की त्यांचा नवरा मुका होता, पण तोही याहून लवकर बोलायचा. सेव्हेरिनोने सांगितले की त्याने बुडत्या जहाजावरून बायकोला पत्र लिहिले होते, आणि जहाज बुडाले नाही तरी पत्र टाकले होते. ओनोरातो मान खाली घालून ऐकत होते. त्यात एक विलक्षण सुटका होती. हे सगळे ते स्वतःला रोज सकाळी सांगतच होते. आज निदान दुसऱ्या आवाजांत ऐकायला मिळत होते.

शेवटी सर्वेअरने मार्ग काढला. पत्र चांगले आहे, पण त्या बाईंनी स्वतः वर्ष घालून, सही करून दोन ओळी पाठवल्या तर खिडकी वाचेल. तोवर परांची दुसऱ्या टोकाकडून बांधायला सांगतो. तीन आठवडे मिळतील. मग तो जरा घुटमळला.

"बाई आहेत ना?"

हाच तो प्रश्न होता. ओनोरातोंनी तो हौदाखाली, पायऱ्यांखाली, कडीखाली पुरून ठेवला होता. नऊ वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले होते. आता आणखी काय गेले असेल? जोवर पत्र टाकले नाही तोवर ते परत येण्याची भीती नव्हती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

आर्मिदाने कढई उतरवली, मेज पुसले आणि कागद आणला. उघड्या खिडकीशी ओनोरातोंना बसवून सगळे भोवती उभे राहिले. तेक्लाबाईंचे म्हणणे की सुरुवात माफीने करा. सर्वेअरचे म्हणणे की विषय, मजला आणि दिशा वर घाला. आपल्या छपरातल्या काचेबद्दल त्या बाईंना काही आठवतेय का, हेही जाता जाता विचारा, असे सेव्हेरिनोने सुचवले. ओनोरातोंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि कुणाचेच न ऐकता लिहिले. हौदाला कधी पाणी असते आणि कधी नसते. पायऱ्या मला मोजता येत नाहीत, तुझा आकडा धरून चालू. कडी आहे. खिडकी आहे आणि उघडते, मी आत्ता तिच्यात बसून लिहितो आहे, इथून समुद्र दिसतो हे तू कधी सांगितले नव्हतेस. मी सत्तावीस दिवस आलो. वडिलांनी ती रंगवून घेतली होती आणि मला रंग ओळखता आला नाही. खिडकीच्या कामासाठी तुझी सही हवी आहे, पण ती नसती लागली तरी मी लिहिले असते, असे म्हणायला मला तोंड नाही.

मसुदा नव्हता. पुन्हा वाचून बघू का, असे त्यांनी विचारताच आर्मिदाने कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला आणि पाकिटात घातला.

टपालपेटी खाली चौकात, तंबाखूच्या दुकानाबाहेर होती. ओनोरातोंना एकट्याला सोडायला कुणी तयार नव्हते. त्यामुळे पुढे ते, मागे पिठाच्या हातांची आर्मिदा, तिच्याशी आठ वर्षांनी नीट बोलत असलेल्या तेक्लाबाई, सेव्हेरिनो, आणि उरलेली भिंत नंतर पाहू म्हणत सपाता फटफटवत येणारा सर्वेअर, अशी वरात गल्लीतून भर रस्त्याने उतरली. दुकानातून तिकीट घेतले, चिकटवले. ओनोरातोंनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेले आणि हात थांबवला.

"झालं," तेक्लाबाई म्हणाल्या. "आता अजून नऊ वर्षं."

"एक मिनिट," ओनोरातो म्हणाले. त्यांनी पाकीट उलटे केले. मागची बाजू कोरी होती. त्यांनी ती मुद्दामच कोरी ठेवली होती. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसला तर पाकीट परत तरी कुठे येणार? त्यांनी सर्वेअरकडून पेन घेतले, पाकीट पेटीच्या लाल पत्र्यावर टेकवले आणि मागे आपले नाव, घर क्रमांक, गल्ली आणि गाव असे सगळे सुवाच्य अक्षरांत लिहिले.

मग पाकीट आत सोडले.